दोन बैठकांचे यंत्र

आमच्या वरवट बकालच्या बाजारातील किराणा दुकानाच्या ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सकाळपासून तूरडाळ, शेंगदाणे आणि गूळ ह्यांशिवाय दुसरे काही चढले नव्हते, त्या काट्यावर एके दुपारी मी माझ्या पुतण्याचा लॅपटॉप प्रथम एकटा आणि मग त्याच्या चार्जरसह ठेविला, तेव्हा काट्याने पहिल्या खेपेस ३ किलो २०० ग्रॅम आणि दुसऱ्या खेपेस ४ किलो २५० ग्रॅम असा आकडा दाखविला. दुकानदाराने तो वाचला, यंत्राकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि विचारले, "गुरुजी, हा ल्यापटॉप हाय का वरवंटा?"

वरवट गावात वरवंट्याचा विनोद सुचणे अपरिहार्यच होते. आणि गावाच्या नावातील दुसरे पद हे, माझी समजूत आहे त्याप्रमाणे, अरबी-फारसीतून आलेल्या 'बक्काल' म्हणजे किराणा-भाजीपाल्याचा व्यापारी ह्या शब्दाचेच रूप असेल, तर यंत्राच्या वजनाची रुजवात दुकानाच्या काट्यावर व्हावी हेही यथायोग्यच झाले. (बकाल ह्या शब्दाचा हल्ली रूढ झालेला अर्थ आमच्या गावाला लावणाऱ्याशी मी वाद घालीत नाही, त्याला चहा मात्र पाजीत नाही.) तथापि दुकानदाराच्या थट्टेत एक रास्त शंका होती. जे यंत्र नाव 'लॅप'चे सांगते पण मांडीवर दहा मिनिटे धरवत नाही, जे पाठीवर घेऊन एस.टी. थांब्यापर्यंत चालले तरी खांदा बोलू लागतो, आणि जे विजेच्या तारेपासून तोडून पूर्ण शक्तीने कामास लावले तर अर्ध्या-पाऊण तासात मान टाकते, त्याला लॅपटॉप का म्हणावे, आणि म्हटले तरी एवढा पैसा घालून ते का बाळगावे? व्यापारी लोक त्याला 'डेस्कटॉप रिप्लेसमेंट' म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरी भाषेत सांगावयाचे तर हा टेबलावरच्या संगणकाचा मुतालिक होय. मूळ अधिकाऱ्याच्या नावाने, त्याच्याच शिक्क्याने, त्याच्या गैरहजेरीत कारभार पाहणारा. मुतालिकाला अधिकार किती, आणि त्याच्या पदरी किती काम टाकावे, एवढाच ह्या आढाव्याचा विषय आहे.

मुतालिकाची वंशावळ पाहिली तर तो आपल्या सडपातळ भावंडांपेक्षा वडील आहे असे आढळते. १९८१ साली अमेरिकेत 'ऑस्बोर्न १' नावाचा जो संगणक 'नेता येणारा' म्हणून विकावयास आला, तो शिवणयंत्राच्या पेटीएवढा, सुमारे ११ किलोचा आणि पाच इंची पडद्याचा होता. त्यात बॅटरी नव्हतीच, म्हणजे एका भिंतीपासून उचलून दुसऱ्या भिंतीपाशी नेणे एवढीच त्याची गतिमानता. १९८९ मध्ये ॲपलने काढलेला 'मॅकिंटॉश पोर्टेबल' सात किलोच्या घरात भरे आणि त्याच्या पोटात स्कूटर-मोटारीत असते त्या जातीची, शिशाची बॅटरी असे. पुढे यंत्रे सडपातळ झाली तरी हा वजनदार वंश खुंटला नाही. लेनोवोच्या 'थिंकपॅड डब्ल्यू ७०० डीएस' ह्या यंत्राच्या मुख्य पडद्यामागून दुसरा छोटा पडदा कपाटाच्या खणासारखा बाहेर ओढता येई, आणि २०१७ साली एसरने आणलेल्या 'प्रिडेटर २१ एक्स'ला २१ इंचांचा वक्र पडदा, आठ किलोंहून अधिक वजन आणि एक पुरेना म्हणून दोन चार्जर होते. भारतात त्याची किंमत सुमारे सात लाख रुपये होती, जिच्यात आमच्याकडे त्या वेळी एक बरासा ट्रॅक्टर आला असता व त्याने निदान नांगरट तरी केली असती.

परंतु वजनदार यंत्र रोज उचलून नेण्याची कल्पना शिकण्यासाठी आपणांस अमेरिकेकडे पाहण्याचे कारण नाही. तहसील कचेऱ्यांच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली लाकडी खोक्यावर टंकलेखन यंत्र मांडून दरखास्ती, प्रतिज्ञापत्रे आणि फेरफाराचे अर्ज टंकित करून देणारे लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आठवत असेल की गोदरेजने १९५५ पासून ह्या देशात बनवावयास घेतलेली ती पोलादी यंत्रे कोणत्याही अर्थाने हलकी नव्हती. तरी त्यांचे मालक ती सकाळी सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून आणीत आणि संध्याकाळी तशीच परत नेत. कचेरीच्या आवारात ठेवावे तर चोरीचे भय, घरी ठेवावे तर गिऱ्हाईक नाही. त्या माणसाच्या कामाला बैठका दोन होत्या, आणि दोन बैठकांसाठी दोन यंत्रे घेण्याची ऐपत नव्हती. वजनदार लॅपटॉपची संपूर्ण मीमांसा मला त्या सायकलच्या कॅरिअरवर आयती बांधलेली दिसते. ज्याची बैठक एकच आहे त्याने टेबलावरचाच संगणक घ्यावा. ज्याच्या बैठका दहा आहेत, आज शेगाव, उद्या खामगाव, परवा अकोट, त्याने हलके यंत्र घ्यावे. ज्याच्या बैठका नेमक्या दोन आहेत, आणि दोन्हीकडे काम जड आहे, त्याच्यासाठी हा मुतालिक.

आता त्याच्या अधिकाराविषयी. येथे बाजार गिऱ्हाइकास थोडे चकवितो, आणि हे स्पष्ट बोलले पाहिजे. चित्रे व चलच्चित्रे ह्यांचे गणित करणारा जो भाग असतो, ज्याला सर्वत्र ग्राफिक्स कार्ड म्हणतात, त्याचे नाव टेबलावरच्या संगणकात आणि लॅपटॉपमध्ये एकच छापलेले असते; पण एनव्हिडियाचे 'आरटीएक्स ४०९०' हे टेबलावरच्या पेटीत ४५० वॅटपर्यंत वीज पिते व त्यास २४ जीबी स्मृती असते, तर त्याच नावाचा लॅपटॉपमधला भाग फार तर १७५ वॅटवर चालतो, त्याची स्मृती १६ जीबी असते आणि आतील चिपही मुळात निराळी, लहान असते. नावाचा शिक्का एक, पण जहागिरी निम्म्याहून कमी! शिवाय तोच भाग एका लॅपटॉपमध्ये पूर्ण वॅटवर व दुसऱ्या, बारीक बांध्याच्या लॅपटॉपमध्ये बराच आवळून चालविलेला असतो, आणि हा तपशील दुकानातील पाटीवर नसतो. म्हणून जाड व जड यंत्र पाहून नाक मुरडू नये. त्या जाडीत तांब्याच्या नळ्या, पंखे आणि हवेला वाट असते, आणि वॅट पचविण्याची ताकद तिच्यामुळे येते.

तथापि पचविण्याची ही ताकद ज्या प्रयोगशाळांत मोजली जाते त्या घाटाखाली नाहीत. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग आहेत, व बुलढाणे शहरात राहणारा मनुष्य मे महिन्यात जिथे चादर पांघरतो त्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आम्ही बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत ओले फडके डोक्यावर घेऊन बसतो. लॅपटॉपचे कारखानदार आपल्या माहितीपत्रकात यंत्र चालविण्याचे हवामान सामान्यतः ३५ अंशांपर्यंतचे सांगतात. म्हणजे मार्चच्या अखेरीपासून पाऊस पडेपर्यंत दुपारचे जवळजवळ सगळे तास आमच्या गावात ही यंत्रे कराराबाहेर चालतात. आतील प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेला की तो स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. पंखे पिठाच्या गिरणीसारखे घोंघावतात, आणि एवढा पैसा देऊन विकत घेतलेले सामर्थ्य नेमके हवे त्या वेळी रजेवर जाते. दैवदुर्विलास असा की आमच्याकडे लग्नसराई ह्याच महिन्यांत येते. माझा पुतण्या लग्नांचे व्हिडिओ करतो. चार कॅमेऱ्यांचे चित्रण, करिझ्मा अल्बम, हळदीचे निराळे आणि वरातीचे निराळे, आणि नवरीच्या मामाला मोबाइलवर पाठवावयाचे ते तिसरेच. हे सगळे तो दुपारी कापतो-जोडतो, पण अंतिम फिल्म तयार करण्याचे, ज्याला तो रेंडर म्हणतो, काम रात्री अकरानंतर लावतो, जेव्हा अंगणातली हवा जरा उतरलेली असते. "काका, रेंडर लावेल हाय, हात नोका लावू," असे मला बजावून तो अंगणात बाजेवर झोपतो, आणि घरात ते यंत्र पहाटेपर्यंत एकटेच धापा टाकीत असते. कूलरसमोर ते ठेवावे असे कोणाच्याही मनात येईल. आम्ही एक उन्हाळा तेही केले. पण आमचा हा मुलूख खारपाणपट्ट्याचा. बोअरच्या पाण्याने कूलरच्या गवताच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो त्याचेच तुषार यंत्रात जाणे हिताचे नाही, हे तिसऱ्या महिन्यात चार्जिंगच्या छिद्राभोवती हिरवट डाग पाहिल्यावर समजले.

उष्णतेच्या जोडीला आमच्याकडे कापूस आहे. भाव वाढेल ह्या आशेने शेतकरी कापूस घरातच एका खोलीत, छतापर्यंत भरून ठेवितात, आणि पुष्कळदा टीव्ही, शिवणयंत्र आणि संगणक हीही त्याच खोलीत नांदतात. गेल्या माघात आम्ही ह्या लॅपटॉपचे मागचे झाकण दहा स्क्रू काढून उघडले, तेव्हा पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या बारीक पाकळ्यांवर, करड्या रंगाचा एक नमदा बसलेला आढळला. बोटाने उचलला तर तो चौकोनी तुकडा अखंड निघाला, धूळ आणि कापसाचा तंतू ह्यांचे इतके घट्ट विणकाम की खाली धरलेला कागदसुद्धा मळला नाही. तो काढल्यावर यंत्र पुन्हा पूर्वीसारखे चालू लागले. टेबलावरच्या संगणकालाही हा रोग होतो, परंतु त्याची पेटी मोठी, हवेची वाट रुंद, व झाकण दोन स्क्रूंचे. वर्षातून एकदा मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये नेऊन लांबून हवेचा झोत मारला की काम होते. लॅपटॉपवर तो प्रयोग करू नये. हवेच्या जोराने पंखा उलट फिरून त्याचा अक्षच जातो.

इतकी प्रतिकूल कैफियत वाचून वाचक म्हणेल की मग ह्या यंत्राच्या बाजूने बोलावयाचे काय उरले? उरली ती वीज. आणि माझ्या मते ग्रामीण महाराष्ट्रात ह्या यंत्राचे खरे समर्थन त्याच्या नेता येण्यात नसून त्याच्या पोटातील बॅटरीत आहे. ज्यांनी २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे खेड्यात काढली आहेत, त्यांना संगणक शिकणे म्हणजे वेळापत्रक पाठ करणे होते हे आठवेल, एम.एस.-सी.आय.टी.चे वर्ग वीज येईल त्या तासाला भरत. गावठाणाची वाहिनी शेतीच्या वाहिनीपासून वेगळी झाल्यावर पुष्कळ सुधारणा झाली, हे महावितरणच्या पदरात घातलेच पाहिजे. तरीही वळवाच्या पावसाचा पहिला थेंब आणि विजेचे जाणे ह्यांचा कार्यकारणभाव आमच्याकडे अद्याप अबाधित आहे, आणि संध्याकाळी दिवे मंद होऊन पिवळे पडतात तेव्हा तारेतील दाब २३० व्होल्टांवरून कुठवर उतरला असेल ते मोजण्यापेक्षा डोळे मिटावे हे बरे. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टांपर्यंत कोणतीही वीज बिनतक्रार घेतो. टेबलावरच्या संगणकातील स्वस्त सप्लाय ह्या उतरत्या दाबाने आधी अडखळतो आणि मग बसतो. वीज गेली तर लॅपटॉपचा पडदा जरा मंदावतो इतकेच, पण मजकूर जागेवर राहतो. टेबलावरच्या संगणकाला हे सुख हवे असेल तर यू.पी.एस. पाहिजे, त्याची शिशाची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलली पाहिजे, आणि ती संपली आहे हे नेहमी वीज गेल्यावरच कळते.

ह्याचा हिशेब करून पाहावा. घरोघरी असते ती १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टांची इन्व्हर्टरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. प्रत्यक्षात हजाराच्या आसपास हाती लागले तरी नशीब. जड काम करणारा टेबलावरचा संगणक आपल्या पडद्यासह साडेतीनशे वॅट ओढू लागला तर ती तीन तासांत रिकामी होते. तेच काम वजनदार लॅपटॉप दोनशे वॅटवर करतो व पाच तास टिकतो, आणि माझ्यासारखा मनुष्य त्यावर नुसते मराठी टंकन करीत बसला तर तीस-चाळीस वॅटवर दिवस निघतो. वीजबिलाच्या दृष्टीने दोनशे वॅट पाच तास म्हणजे एक युनिट. मात्र लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीकडून जड कामाची अपेक्षा करू नये. विमानातून नेता यावी म्हणून तिची मर्यादा १०० वॅट-तासांच्या आतच ठेवितात, आणि तारेविना चालताना यंत्र आपली शक्ती आपणच आवरून धरते. ती बॅटरी प्रवासासाठी नाही. वीज गेल्यापासून इन्व्हर्टर सावरेपर्यंतच्या, किंवा रेंडर थांबवून फाइल जतन करण्यापुरत्या, संधिकाळासाठी आहे.

आणि ह्याच बॅटरीने आम्हांस दगा दिला तेही सांगितले पाहिजे. यंत्र टेबलावरच असे, चार्जर रात्रंदिवस लावलेला, बॅटरी कायम शंभर टक्के, वर घाटाखालचा उन्हाळा. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरलेपण आणि उष्णता ही दोन्ही एकत्र सोसत नाहीत. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये टचपॅड तळलेल्या पापडासारखा मधून वर आला. आम्हांस वाटले आर्द्रतेने प्लास्टिक फुगले, म्हणून त्यावर आम्ही दोन दिवस चक्क पाणिनीचे भाषांतर ठेविले. खाली बॅटरी फुगली होती. फुगलेल्या बॅटरीवर वजन ठेवणे हा वेडेपणा आहे. ती पेट घेऊ शकते. जिल्ह्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात यंत्र तीन आठवडे पडून राहिले, ऐन लग्नतिथी गेल्या, आणि पुतण्याने उसन्या संगणकावर कसेबसे निभावून नेले. जवळजवळ प्रत्येक यंत्रात बॅटरी साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर रोखून धरण्याची तजवीज असते. ती आम्ही तेव्हा सुरू केली असती तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

दुरुस्तीच्या बाबतीत मुतालिक मूळ अधिकाऱ्याची बरोबरी करू शकत नाही, ह्यात वादास जागा नाही. टेबलावरच्या संगणकाचा कीबोर्ड बिघडला तर शेगावच्या बाजारातून काही शे रुपयांत दुसरा येतो. लॅपटॉपचा बिघडला तर पुष्कळदा वरचे सबंध कवच बदलावे लागते. पाच वर्षांनी ग्राफिक्स कार्ड जुने झाले तर एकात नवे बसते, दुसऱ्यात ते पाटावर वितळवून पक्के केलेले असते. बदलता येणाऱ्या भागांचा लॅपटॉप काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०१९ साली एलियनवेअरच्या 'एरिया-५१ एम' ह्या यंत्रात टेबलावरच्या संगणकाचाच प्रोसेसर बसविला होता व पुढे भाग बदलता येतील अशी आशा गिऱ्हाइकांस वाटली होती; पुढल्या पिढीचे भाग त्यात बसले नाहीत आणि २०२१ मध्ये प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले. उलट दिशेने, २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलच्या एम १ प्रोसेसरने सामर्थ्य व वजन ह्यांचे जुने लग्न मोडले. व्हिडिओ कापण्यासारखी कामे आता दोन किलोंच्या आतबाहेरची यंत्रेही करतात. ज्याच्या पैशाला मर्यादा नाही त्याच्यासाठी वजनाचा प्रश्न बराच सुटलेला आहे. आमच्याकडे पैशाला मर्यादा आहे.

मग गावात हे यंत्र कोणाला साजते? सेवा केंद्रवाल्याला नाही. त्याची बैठक एक, त्याच्या टेबलाला प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र अशी सगळी बिऱ्हाडे तारांनी बांधलेली. त्याने टेबलावरचा संगणक आणि चांगला यू.पी.एस. घ्यावा. शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात, जे १९८३ पासून ह्या भागातील पोरांना इंजिनिअर करीत आले आहे, शिकणाऱ्या व शनिवारी पूर्णेचा पूल ओलांडून घरी येणाऱ्या विद्यार्थ्याला ते साजते. वसतिगृहातील टेबल आणि घरातील टेबल ह्या त्याच्या दोन बैठका. माझ्या पुतण्याला साजते. मंगल कार्यालयात संध्याकाळीच चित्रण उतरवून घेणे व मांडवातल्या पडद्यावर दाखविणे ही त्याची एक बैठक, घर ही दुसरी. मला स्वतःला ते मुळीच साजत नाही, मी त्यावर हा लेख लिहीत असलो तरी. मान वाकवून त्या पडद्याकडे पाहण्याने मला जे दुखणे जडले ते स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस घेतल्यावर गेले. म्हणजे शेवटी लॅपटॉपचा टेबल-संगणकच झाला.

एक गोष्ट मात्र मी ह्या हिशेबाबाहेर ठेवितो. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जी अतिवृष्टी झाली व नदी-नाल्यांचे पाणी गावांत शिरले, त्या वेळी ज्याला घर सोडावे लागले त्याला आपले यंत्र तारांच्या जंजाळातून सोडविण्यास किती क्षण मिळाले असतील, ह्याचा विचार केला की सव्वाचार किलो फार वाटत नाहीत. एक तार उपटावी, झाकण मिटावे, बगलेत मारावे आणि माळ्यावर चढावे.

घेणाऱ्याने अखेर एवढे करावे. यंत्राच्या धातूच्या अंगाला अनवाणी पायाने हात लागला की मुंग्या आल्यासारखी जी झिणझिण होते, ती यंत्राचा दोष म्हणून परत करण्याच्या आधी भिंतीतील सॉकेट वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन भोकांपैकी वरच्या, मोठ्या भोकात पुष्कळ घरांत तारच जोडलेली नसते. आमच्या घरात ती नव्हती. अर्थिंगचा खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून, तांब्याची तार आणून जोडली त्या दिवसापासून झिणझिण बंद आहे.